आयव्हरी घ्यावा की क्रीम?

दिवाळीआधी रंगाच्या दुकानात शेडकार्डावरच्या दोन फिक्या चौकोनांवर बोट ठेवून मंडळी अडून बसतात. दुकानदार म्हणतो, ‘‘कुठलाही घ्या, सारखेच आहेत.’’ ते सारखे नसतात. फरक दुकानात दिसत नाही, इतकंच.

ऑफ-व्हाइट म्हणजे पांढराच, हा पहिला गैरसमज. टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये पिवळ्या, तांबड्या, काळ्या रंगद्रव्याची किंचित मात्रा सोडतं; दोन शेड्समधलं वेगळेपण तेवढ्यातच असतं. फिका रंग एकटा पाहिला की डोळा त्याला पांढरा समजतो. शेजारी कोरा झेरॉक्सचा कागद धरा, पिवळट कोणता आणि गुलाबीसर कोणता ते चटकन कळेल.

कार्डावर दिसतो तसाच भिंतीवर उतरतो, हेही खरं नाही. खोलीत उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उसळतो आणि दर खेपेला रंगाची झाक घेतो. कार्डावर जेमतेम जाणवणारा पिवळेपणा चार भिंतींवर चांगलाच चढतो. निर्णय होत नसेल तर दोहोंतला फिका घ्यावा, असं माझं मत.

मग जुन्या भिंतीवरच दोन पट्टे मारून बघू, असं रंगारी सुचवतो. तिथेही फसगत होते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्रल पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई खात्याचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या लोकरीचा रंग उतरलेला दिसतो, अशी तक्रार आली. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता! हा अभ्यास त्यांनी 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. तसाच जुन्या गुलाबी भिंतीवर क्रीम हिरवट भासतो. त्यापेक्षा मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि ते प्रत्येक भिंतीशी धरून पाहा. ओल्या रंगावर मत देऊ नका: इमल्शन वाळताना थोडं गडद होतं, चुना मात्र वाळल्यावर पांढरा फुलतो.

सकाळी पाहा, संध्याकाळी पाहा, दिवे लावून पाहा. 6500 केल्विनच्या निळसर ट्यूबखाली जुळे वाटणारे दोन रंग 3000 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली वेगळे होऊ शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. खिडकीबाहेरच्या झाडाची हिरवी छाया आणि लाल फरशीवरून उसळलेला उजेडही भिंतीवर येतो. दुकानात यातलं काहीच नसतं.

फिक्या रंगाने अंधारी खोली उजळते, हे अर्धसत्य. रंग आलेला उजेड परतवतो, निर्माण करत नाही. खिडकी डक्टात उघडत असेल, तर आयव्हरी काय नि क्रीम काय, दोन्ही मळकेच दिसणार. तिथे आधी दिवा बदलावा.

एवढं पाहूनही फरक दिसत नसेल, तर स्वस्त पडेल तो घ्या. मात्र एकाच कोडच्या डब्यांतही बारीक फरक येऊ शकतो. काम सुरू होण्याआधी सगळे डबे मोठ्या पिंपात एकत्र ढवळून घ्यायला रंगाऱ्याला सांगा, आणि पुढच्या टचअपसाठी त्यातलाच थोडा झाकण घट्ट लावून ठेवा.