उष्णता घेतो, पण तापत नाही!

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया बनवतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शुद्ध लोखंड वितळतं 1538 अंश सेल्सिअसला. आणि एकदा वितळायला लागलं, की सगळ्याचा रस होईपर्यंत तापमान तिथंच अडून बसतं! भट्टी तर उष्णता देतच असते. मग ती जाते कुठं? कणांची एकमेकांवरची घट्ट पकड सोडवण्यात. हाच तो पुस्तकातला अप्रकट उष्मा.

बर्फाचंही असंच असतं. भोकरदन असो की परतूर, लसीकरणाच्या दिवशी सिस्टरच्या लसीच्या डब्याकडे नीट बघा. आत बर्फाचे चार पॅक असतात. फ्रीजरमधून काढल्यावर ते लगेच डब्यात ठेवत नाहीत. थोडा वेळ बाहेर ठेवून कानाशी हलवून बघतात. आत पाणी डुचमळलं, की पॅक तयार! आता बर्फ शून्य अंशावर आलेला असतो. त्याहून थंड पॅक ठेवला, तर काही लसी गोठून वाया जातात. 1 ग्रॅम बर्फ वितळताना 80 कॅलरी उष्णता गिळतो. तेवढ्या उष्णतेत 1 ग्रॅम पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं!

पण शून्य अंश प्रत्येक कामाला चालत नाही. ऑक्टाडेकेन नावाचा मेणासारखा पदार्थ 28 अंशांना वितळतो. पण अडचणी दोन. वितळला की वाहून जातो आणि उष्णता आत घेतो अगदी सावकाश. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचे अतिसूक्ष्म कण केले. शेंगदाण्याला टरफल असतं तसं प्रत्येक कणाला सिलिकाचं कवच! 100 नॅनोमीटरचे असे 800 कण तुमच्या एका केसाच्या जाडीत शेजारी शेजारी मावतील. कण लहान, म्हणून पृष्ठभाग भरपूर आणि उष्णता झटकन आत. कवचामुळे मेण आतल्या आत वितळतं, गार झालं की पुन्हा गोठतं.

असे कण पाण्यात मिसळून यंत्रं थंड ठेवता येतात, भिंतीच्या गिलाव्यात घालता येतात. यांच्यापेक्षा मोठ्या, मायक्रो आकाराच्या कुप्या कापडात घालायची कल्पना 1980 च्या दशकात नासाच्या अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठी पुढं आली. आज तसे कपडे बाजारात मिळतात. नॅनो कण मात्र अजून बरेचसे प्रयोगशाळेतच आहेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या वर्गात बसणाऱ्या जालन्याच्या मुलांसाठी ते लवकर बाहेर यायला हवेत!

तोवर एक प्रयोग करा. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घाला, प्रयोगशाळेतला तापमापी ठेवा, ढवळत राहा आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. तापमान कधी चढायला लागलं, ते आम्हाला नक्की कळवा.