एका आंदणामागील राजकारण

मुंबई बेट पोर्तुगिजांनी इंग्रजांच्या राजास आंदण दिले, एवढे वाक्य आपण शाळेपासून पाठ म्हणत आलो. परंतु देणाऱ्या घरावर त्या वेळी कोणते संकट होते आणि घेणाऱ्याच्या भोवती कोणकोणते प्रतिस्पर्धी दबा धरून होते, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या वाक्याचा अर्थ उलगडत नाही. लाखांदूरसारख्या वैनगंगेच्या खोऱ्यातील गावचा दावाही अखेरीस मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जातो. त्या नावामागचा इतिहास म्हणूनच कोकणपट्टीपुरता राहत नाही, तो आपलाही आहे.

ज्याच्या पित्याचा १६४९ साली शिरच्छेद झाला आणि ज्याचे तारुण्य परमुलखात आश्रय शोधण्यात गेले, तो दुसरा चार्ल्स १६६० साली इंग्लंडच्या गादीवर आला तेव्हा खजिना रिता होता आणि द्रव्याची किल्ली पार्लमेंटच्या हाती होती. मधल्या काळात इंग्लंडचा सत्ताधारी असलेल्या क्रॉमवेलने घेतलेली जमैका आणि डंकर्क ही ठाणी स्पेनला परत हवी होती. सागरी व्यापारात डचांशी उघड वैर होते. आणि चौदाव्या लुईचे फ्रान्स दिवसेंदिवस प्रबळ होत होते. इकडे १६४० साली स्पेनचे जू झुगारलेल्या पोर्तुगालची अवस्था याहून बिकट होती, कारण १६५९ च्या तहात फ्रान्सने त्यास साहाय्य न करण्याचे वचन स्पेनला दिले होते, आणि पूर्वेकडे डच त्याची ठाणी एकामागून एक गिळीत होते. अशा वेळी लिस्बनची राजमाता लुईसा हिने आपली कन्या कॅथरिन, वीस लक्ष क्रुझादो नाणी, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टँजिअर आणि आपली मुंबई देऊ केली. स्पेनच्या वकिलाने हा संबंध मोडण्याची शर्थ केली. लुईने मात्र दिलेल्या वचनास बाध न दिसेल अशा बेताने आतून उत्तेजन दिले. २३ जून १६६१ रोजी तह झाला आणि पुढील वर्षी विवाह पार पडला.

या तहातील खरे मर्म त्याच्या गुप्त कलमात होते. हिंदुस्थानातील पोर्तुगीज मुलखाचे डचांपासून रक्षण करण्याची हमी इंग्लंडने घेतली होती. मुंबई हे त्या मदतीचे ठाणे व्हावे, हा लिस्बनचा हिशेब होता. तो गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ कास्त्रु यास मान्य नव्हता. सप्टेंबर १६६२ मध्ये इंग्रजी आरमार मुंबईपुढे आले, तेव्हा अधिकारपत्रे यथायोग्य नाहीत अशी हरकत काढून त्याने ताबा नाकारला. ताबा घेण्यास आलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारनजीकच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले, आणि तेथे शिपमनसह त्यांच्यातील बहुतेक रोगराईस बळी पडले. दरम्यान जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली, आणि ज्या साहाय्यासाठी मुंबई द्यावयाची ते साहाय्य आले नाही. कास्त्रूचा हट्ट मला दुराग्रह वाटत नाही. इंग्रज मुंबईत ज्या दिवशी स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेला असे समजावे, असा इशारा त्याने आपल्या राजास दिला होता. परंतु हुकमापुढे त्याचा इलाज चालला नाही. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी शिपमनच्या जागी आलेल्या हंफ्री कुकने बेटाचा ताबा घेतला. माहीम, साष्टी, ठाणे या आंदणात येतात की नाही, हा तंटा मात्र पुढेही धुमसत राहिला.

चार्ल्सला या दूरच्या बेटाकडे पाहण्यास सवड नव्हती. १६६५ मध्येच डचांशी युद्ध जुंपले. जून १६६७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या मेडवे नदीत शिरून त्याची उत्तमोत्तम जहाजे जाळली. आणि १६६८ च्या जानेवारीत त्याच डचांशी त्याने फ्रान्सविरुद्ध सख्य केले. खर्चिक झालेली मुंबई त्याने २७ मार्च १६६८ च्या सनदेने, सालीना दहा पौंडांच्या खंडावर, ईस्ट इंडिया कंपनीस दिली. दोनच वर्षांनी लुईशी गुप्त तह करून, त्याचे द्रव्य घेऊन, तो पुन्हा डचांवर उलटला. त्याची झळ १६७३ साली मुंबईस लागली, जेव्हा व्हान गोएन्सचे डच आरमार किनाऱ्यापुढे येऊन उभे राहिले आणि गव्हर्नर जेराल्ड आँजियरची सिद्धता पाहून परतले.

या साऱ्या मसलतींत मुंबईच्या कोळ्यांना कोणी विचारले नव्हते. भूमीचा स्वामी या नात्याने प्रश्न करणारा पुरुष इंग्रजांना रायगडावर भेटला. जून १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकास नजराणा घेऊन गेला, तेव्हा शिवाजी महाराजांनी इंग्रजांच्या राजापूर वखारीच्या नुकसानीची भरपाई आणि व्यापाराची मुभा मान्य केली. परंतु फुटलेल्या जहाजांचा माल इंग्रजांस परत मिळावा या कलमास, ते कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे म्हणून, हरकत घेतली. लंडन आणि लिस्बनने या किनाऱ्याविषयी करार केला तेव्हा किनाऱ्याच्या रिवाजाचे नावही कोणी काढले नव्हते.

आंदणातील दोन ठाण्यांपैकी लंडनच्या दरबारात मोल होते ते टँजिअरला. भूमध्य समुद्राच्या मुखावरील त्या ठाण्याच्या तटबंदीवर आणि धक्क्यावर चार्ल्सने अपार पैसा ओतला, आणि १६८४ साली तो सारा आपल्याच सुरुंगांनी उडवून देऊन इंग्रज तेथून निघून गेले.