मेणवलीची घंटा

‘कर्फ्यू’ हा शब्द आतां आपल्या घरांतील मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. २०२० सालच्या महामारींत तर तो घरोघर जाऊन पोंचला. परंतु त्याचा मूळ अर्थ ‘विस्तव झांका’ असा आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतला. मध्ययुगीन युरोपांत घरें बहुधा लांकडाचीं आणि छपरें गवताचीं. रात्रीं एका चुलींतली ठिणगी उडाली कीं सबंध आळी भस्मसात् व्हावयाची. म्हणून ठरलेल्या वेळीं गांवची घंटा वाजे आणि ती ऐकून जो तो आपल्या चुलीवर राख लोटी किंवा झांकण घाली. आग लागली तर तीच घंटा लोकांस धांवून येण्यास सांगे, शत्रु आला तर सावध करी, आणि कोणी निवर्तलें तर तीहि वार्ता देई.

आमच्याकडे घंटेचा धर्म थोडा निराळा. पूजेच्या आरंभीं ती वाजवावयाची, ती देवांनीं यावें व राक्षसांनीं निघून जावें म्हणून. गांवाला हांक मारण्याचें काम शिंग, नगारा व तास यांचें. कांशाच्या ज्या थाळीवर वेळेचे टोले पडत तिचें नांव तास; त्यावरूनच साठ मिनिटांच्या काळाला आपण तास म्हणूं लागलों.

घंटेच्या या दोन धर्मांची गांठ जेथें पडली आहे, असें एक स्थळ वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरांवर आहे. तें कृष्णाकांठचें मेणवली. हें गांव १७६८ सालीं नाना फडणविसांस मिळालें. तेथें त्यांचा वाडा उभा राहिला. वाड्यामागें नदीचा सुरेख घाट आणि मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं दोन देवळें आहेत. इतिहासाच्या अभ्यासकांस मेणवली ठाऊक असते ती नानांच्या दप्तरामुळें. २००४ सालच्या ‘स्वदेस’ या चित्रपटानें तो घाट इतरांसहि परिचित झाला. त्याच घाटावर एका लहानशा दगडी वास्तूंत एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें ख्रिस्ती साल असून, बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे.

शिवाच्या दारीं मरियेची आकृति आली कोठून? उत्तर वसईंत सांपडतें. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. तेथील चर्चच्या मनोऱ्यांवर अशा घंटा वाजत असत. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि त्या मुलुखांतील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या. नाशिकची प्रसिद्ध नारोशंकराची घंटा १७२१ सालची, भीमाशंकरची १७२९ सालची. वसई पडली तेव्हां नाना जन्मलेहि नव्हते. त्यांचा जन्म १७४२ चा. तेव्हां ही घंटा मेणवलीस पोंचली ती पुढें केव्हां तरी.

आमच्या मतें, या घंटेची खरी गोष्ट येथून पुढें सुरू होते. घंटेची धातु म्हणजे सुमारें चार भाग तांबें आणि एक भाग कथील. तांबें व कथील यांच्याच मिश्रणाच्या तोफा ओतीत. म्हणून युद्धांत घंटांवर नेहमींच संकट येई. फ्रेंच राज्यक्रांतींत असंख्य घंटा वितळवून त्यांचीं नाणीं व तोफा झाल्या. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीनें दीड लाखांहून अधिक घंटा उतरवून नेल्या. त्यांतील बहुतेक परत आल्या नाहींत. वसईच्या या घंटा मात्र घंटाच राहिल्या. त्या लूट म्हणून आल्या हें लपविण्याचें कारण नाहीं. ज्यांच्या मनोऱ्यावरून त्या उतरल्या त्यांस तें दुःखाचेंच झालें असेल. पण ज्या देवळांत त्या गेल्या तेथें त्यांस त्यांचेंच काम मिळालें, आणि मेणवलीच्या घंटेवरील मातेची आकृति पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ जशीच्या तशी राहिली. परक्याच्या पूज्य वस्तूस हात लावावा लागला तरी तिचा अपमान करूं नये, एवढी मर्यादा तेथें पाळली गेली. तलवारीच्या विजयाइतकीच ही मर्यादाहि मुलांस सांगण्याजोगी आहे.

आतां तिला जपण्याविषयीं दोन शब्द. कथिलाच्या या प्रमाणामुळें घंटेस गोड नाद येतो, पण त्यामुळेंच तिची धातु ठिसूळ होते. बाहेरून दगड हाणला तर एखादी बारीक चीर पडते, आणि चीर पडलेली घंटा पुन्हां नादत नाहीं. अंगावर खिळ्यानें कोरलेलें नांवहि मग कायमचेंच.

तेव्हां वाचकांपैकीं जे कोणी सुट्टींत महाबळेश्वरच्या वाटेनें जातील, त्यांनीं वाईस उतरून तासभर मेणवलीस अवश्य द्यावा. मुलांस घंटेवरचे आंकडे स्वतः वाचूं द्यावे, ती आकृति कोणाची हें त्यांनाच ओळखूं द्यावें. वसईची हकीकत त्यांस तेथेंच उभ्याउभ्या सांगावी, आणि सांगतांना जिंकणाऱ्यांची बाजू सांगावी तशी गमावणाऱ्यांचीहि सांगावी.