आधी शेपूट बघा, मगच फाईल उघडा

माळेगावच्या यात्रेत बैल घेताना आपण दात बघतो. ई-मेलने आलेल्या फाईलचे मात्र शेपूट बघावे. शेपूट म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबापुढची अक्षरे. पीडीएफ म्हणजे कागद, जेपीजी म्हणजे फोटो, एक्सएलएस म्हणजे तक्ता, झिप म्हणजे गाठोडे. ईएक्सई आणि एपीके हे कागद नव्हेतच. ते चालू होणारे प्रोग्राम.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो पीडीएफमध्ये. पीएम किसानची ‘यादी’ एपीके होऊन आली, तर समजा काहीतरी गडबड आहे. ती मोबाईलवर बसली की ओटीपी चोरते अन् खाते रिकामे होते.

‘यादी.पीडीएफ.ईएक्सई’ अशी दोन शेपटांची फाईलही येते. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणू याच युक्तीने जगभर पसरला. विंडोज खरे शेपूट एरवी लपवते. ग्रामपंचायतीच्या संगणकावर ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ते दिसते करून घ्यावे.

शेपूटच नसेल तर? दोनदा क्लिक करू नका. नोटपॅडमधून उघडा. सुरुवातीलाच इंग्रजीत ‘पीडीएफ’ दिसले तर तो बहुधा कागद, ‘एमझेड’ दिसले तर प्रोग्राम, पुसून टाका. तरी शंका राहिली, तर पाठवणाऱ्याला फोन करून विचारा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० लावा.