पित्त, पित्तखडे आणि न सांगितलेली गोळी

पोटात दुखले की आपल्या घरांत निदान ठरलेलेच : "पित्त झालंय!" मग थंड दूध, आमसुलाचे सार, ईनो, आणि हल्ली इथल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी प्रिलोसेक. वास्तविक आपण ज्याला पित्त म्हणतो ते जठरातले आम्ल. खरे पित्त यकृतात तयार होते आणि त्याखालच्या लहानशा पिशवीत, म्हणजे पित्ताशयात, साठते. शब्द एक, गोष्टी दोन. एरवी गमतीचा वाटणारा हा घोटाळा काही थोड्या लोकांना फार महागात पडू शकतो. ही मंडळी आपणहून बोलणार नाहीत, म्हणून यावेळी आम्ही त्यांच्यासाठी लिहीत आहोत.

एच.आय.व्ही.वर औषध घेणारे आपल्या समाजात कोणी नाही, असे मानण्यात अर्थ नाही. नियमित गोळ्यांमुळे ही माणसे आज नोकरी-संसार सांभाळून दीर्घ आयुष्य जगतात. या गोळ्यांपैकी एक अ‍ॅटाझानाविर. अमेरिकेत ती जून २००३ मध्ये रेयाटाझ या नावाने मान्य झाली. आता नव्या रुग्णांना बहुधा दुसरी औषधे देतात, पण जुने रुग्ण अजून ती घेतात, आणि भारतातल्या सरकारी केंद्रांतूनही ती रिटोनाविरच्या जोडीने दुसऱ्या फळीचे औषध म्हणून दिली गेली आहे. म्हणजे भेटीला आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतही ती असू शकते.

हे औषध मुख्यतः यकृतावाटे, पित्तातून बाहेर पडते. काहींच्या पित्ताशयात त्याचे कण साचून खडे बनतात. शस्त्रक्रियेत काढलेले असे खडे तपासले तेव्हा त्यांत औषधच सापडले. क्वचित मुतखडाही होतो. (१९९६ साली आलेले इंडिनाविर तर मुतखड्यासाठीच बदनाम होते. त्या रुग्णांना तांबेभर पाणी प्यायला सांगत.) अर्थात औषध घेणाऱ्याचा प्रत्येक खडा औषधाचाच असतो असे नाही. चाळिशी उलटलेल्या, बाळंतपणे झालेल्या बायकांत, स्थूल माणसांत, घाईघाईने वजन उतरवणाऱ्यांत पित्तखडे एरवीही होतात.

याच गोळीने काहींचे डोळे पिवळे दिसू लागतात. यकृतातल्या एका क्रियेला ती अडवते, म्हणून रक्तात बिलिरुबिन वाढते. यकृत मात्र बिघडलेले नसते. पण घरात "कावीळ!" म्हणून ओरड होते, उसाचा रस सुरू होतो, आणि रुग्ण घाबरून गोळ्या बंद करतो. हे सर्वांत वाईट. गोळ्या तुटल्या की विषाणू पुन्हा वाढतो व औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उलट, "तुमचे पिवळे डोळे निरुपद्रवी आहेत" असे एकदा ऐकलेला माणूस पुढे खऱ्या दुखण्याकडेही काणाडोळा करतो.

मग ओळखायचे कसे? उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, बहुधा तेलकट-तुपकट जेवणानंतर, आणि तासन्‌तास राहते. ती पाठीत वा उजव्या खांद्याकडे जाते, मळमळते. सोबत थंडी वाजून ताप, गडद लघवी किंवा पांढुरके शौच असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. नुसत्या औषधाच्या पिवळेपणात लघवी गडद होत नाही. सोनोग्राफीत खडे बहुधा दिसतात. औषध बदलायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील, पर्याय भरपूर आहेत.

आता प्रिलोसेकचे. अ‍ॅटाझानाविर अंगी लागायला जठरात आम्ल लागते. आम्ल दाबणारी गोळी घेतली की रक्तातले औषध घटते. म्हणजे कळ खड्याची, उपचार "पित्ताचा", आणि नुकसान एच.आय.व्ही.च्या उपचाराचे! साध्या अँटासिडसाठीसुद्धा वेळेचे अंतर ठेवावे लागते. फार्मासिस्टला विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

पण विचारायचे तर गोळीचे नाव सांगावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. इमर्जन्सीत आईच्या शेजारी मुलगा दुभाष्या म्हणून उभा. त्याच्यासमोर ती नाव कसे घेणार? सरकारी पैसा घेणाऱ्या इस्पितळाने, म्हणजे जवळजवळ प्रत्येकच, दुभाष्या फुकट द्यायचा असतो, बरेचदा फोनवरून. मागावा, आणि मुलाला बाहेर कॉफी प्यायला पाठवावे. काहींच्या मनात व्हिसाची जुनी भीतीही आहे. १९८७ साली घातलेली एच.आय.व्ही.बाधितांवरची प्रवेशबंदी ४ जानेवारी २०१० रोजी उठली, आणि ग्रीन कार्डाच्या तपासणीतून ती चाचणीही गेली.

बोलणे अगदीच जमत नसेल तर औषधाचे नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि डॉक्टरांच्या हाती द्यावी. तोंडाने काही उच्चारावे लागत नाही.