हेड उघडल्यावर: बोटीच्या जुन्या इंजिनातील व्हॉल्व्ह आणि त्यांचे सोबती

गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळून वाहणारी तानसा नदी पुढे वैतरणेला मिळते आणि वैतरणेचे पाणी अर्नाळा व दातिवरे यांच्यामधील मुखातून अरबी समुद्रात जाते. या मुखापासून उत्तरेकडे सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर ज्या यांत्रिक मासेमारी बोटी आहेत, त्यांच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती पावसाळ्यातच होते. कारण साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि इंजिन खोलून बांधण्याइतकी सवड वर्षात पुन्हा मिळत नाही. या दुरुस्तीत पिस्टन, लायनर आणि बेअरिंग यांच्याकडे जितके लक्ष जाते, तितके हेडमधील व्हॉल्व्ह आणि त्यांना हलवणाऱ्या भागांकडे जात नाही. वास्तविक भरसमुद्रात इंजिन बंद पाडण्याची ताकद या लहान भागांत अधिक आहे, म्हणून त्यांतील काय बदलावे, काय ठेवावे आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न सविस्तर समजून घेण्याजोगा आहे.

भारतीय मासेमारी बोटींतील पुष्कळशी डिझेल इंजिने मुळात ट्रक, बस किंवा शेतीसाठी बनलेल्या इंजिनांची सागरी रूपे आहेत. १९४६ मध्ये पुण्यात सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि १९४८ मध्ये अशोक मोटर्स म्हणून स्थापन होऊन १९५५ पासून अशोक लेलँड या नावाने ओळखली जाणारी कंपनी, ही त्यांतील दोन परिचित नावे होत. लेलँडच्या ‘एएलएम ४००’ या सहा सिलिंडरच्या सागरी इंजिनाच्या नावातील ४०० हा आकडा घनइंचांतील आकारमान, म्हणजे सुमारे साडेसहा लिटर, दाखवतो. इंचांचा हा वारसा कारखान्यात अजून जिवंत आहे, कारण इंचाच्या हजाराव्या भागाला मेकॅनिक ‘थाऊ’ म्हणतात आणि टॅपेटचे माप थाऊमध्येच सांगतात. २० थाऊ म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर.

व्हॉल्व्ह म्हणजे लांब दांडी असलेली पोलादी छत्रीच होय. तिची कड हेडमधल्या कठीण कड्यावर, म्हणजे सीटवर, घट्ट बसली की सिलिंडर बंद होतो आणि ती खाली सरकली की हवा आत येते किंवा धूर बाहेर जातो. दांडी ज्या नळीत सरकते तिला गाइड म्हणतात, व्हॉल्व्ह परत ओढण्याचे काम स्प्रिंग करते आणि स्प्रिंगची टोपी दांडीला दोन अर्धगोल लॉकांनी अडकलेली असते. खाली कॅमशाफ्ट फिरतो, त्यावरील उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो आणि पुशरॉड रॉकरचे एक टोक उचलून दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह दाबतो. फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा, तासाला ४५,००० वेळा आणि दहा तासांच्या फेरीत साडेचार लाख वेळा उघडतो आणि आपटून बंद होतो.

या खटाटोपात आधी झिजतो तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. आत येणारी थंड हवा इनलेट व्हॉल्व्हला दर फेरीला निववते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता धूर जात असल्याने त्याचे डोके सहाशे अंश सेल्सिअसपलीकडेही तापते, आणि या उष्णतेचा सुमारे तीनचतुर्थांश भाग बंद असतानाच्या अल्प क्षणांत सीटमार्फत हेडच्या पाण्यात जावा लागतो. कडेवर कार्बनचा कण अडकला, सीट वाकडी झिजली किंवा टॅपेटची फट उरली नाही, तर कड पूर्ण टेकत नाही, फटीतून धूर निसटतो, तेवढाच भाग अधिक तापतो आणि कड वितळल्यासारखी खचते. टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि दांडी यांच्यातील थोडी मोकळी जागा, तापल्यावर धातू लांबतो म्हणून ठेवलेली असते. ती जास्त झाली तर खटखट ऐकू येते आणि लक्ष जाते. परंतु सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकत गेला की फट कमी होत जाते आणि इंजिन उलट शांत होते. त्यामुळे आधी टॅपेटचा हलका आवाज करणारे जुने इंजिन काही न करता गप्प झाले, तर ते सुधारले असे समजू नये, फट तपासावी.

ट्रकच्या इंजिनाला जे सोसावे लागत नाही, ते बोटीच्या इंजिनाला खारे पाणी सोसायला लावते. काही बोटींत धूर थंड करण्यासाठी एक्झॉस्ट पाइपात समुद्राचे पाणी सोडतात आणि पाइपाचा उतार चुकला तर लाटेच्या दाबाने ते उलटे फिरते. काहींत धुराचा पाइप उभा असतो आणि त्यावर झाकण नसेल तर बंदीच्या दोन महिन्यांत पाऊस थेट आत उतरतो. अनेक सिलिंडरच्या इंजिनात थांबलेल्या स्थितीत काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, म्हणून खारी, दमट हवा दांडीपर्यंत पोहोचते, दांडी गाइडमध्ये गंजून अडकते आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच स्टार्टला पुशरॉड वाकतो किंवा पिस्टन अडकलेल्या व्हॉल्व्हवर आपटतो. समुद्राचे पाणी थेट हेडमध्ये खेळवणाऱ्या जुन्या रचनेत तर क्षार साचू नयेत म्हणून इंजिन मुद्दाम थंड ठेवावे लागते आणि त्या थंडपणामुळे डिझेलमधील गंधकापासून बनणारे आम्ल सिलिंडरमध्ये आणि गाइडच्या तोंडाशी साचते.

दुरुस्तीचा क्रम येथे निर्णायक ठरतो. हेड उतरवताना प्रत्येक व्हॉल्व्ह, पुशरॉड आणि टॅपेट त्याच्या मूळ जागेच्या खुणेसह ठेवावा लागतो, कारण वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून ते जोडीदार झालेले असतात. हेड धुऊन, दोन सीटांच्या मधल्या चिंचोळ्या भागात तडा नाही ना हे रंगद्रव्याने पाहून झाले की पहिला विचार गाइडचा करावा. घासलेला गाइड टोकाला कर्ण्यासारखा रुंदावतो, दांडी डुलते आणि व्हॉल्व्ह दरवेळी निराळ्या जागी टेकतो. सीट कापण्याचे हत्यार गाइडच्या आधारानेच मध्य साधत असल्याने आधी सीट कापून मग गाइड बदलणे म्हणजे केलेले काम वाया घालवणे होय. आधी गाइड, मग सीट आणि शेवटी व्हॉल्व्ह, हा क्रम घाईतसुद्धा मोडता कामा नये.

व्हॉल्व्हची कड मशिनवर पुन्हा घासता येते, मात्र घासल्यावर तिच्या वरची सरळ धार पातळ होते आणि ती सुमारे एक मिलिमीटरपेक्षा कमी उरली तर डोके उष्णता साठवू न शकल्याने लवकर जळते. दांडीवर गंजाचे खड्डे असलेला व्हॉल्व्ह कितीही चकचकीत केला तरी नव्या गाइडला खातो. शेवटी पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर हाताने घासतात आणि दोन्हींवर सलग, राखाडी, सारख्या रुंदीचे वर्तुळ उमटले की बैठक जमली असे मानतात. हे वर्तुळ तपासण्याचे साधन आहे, वाकडी सीट सरळ करण्याचे नव्हे. डिझेल इंजिनात आणखी एक माप घ्यावेच लागते, ते म्हणजे व्हॉल्व्ह हेडच्या पृष्ठभागापासून किती आत बसला आहे ते: फार आत गेला तर दाब कमी होऊन इंजिन धूर सोडते, बाहेर राहिला तर पिस्टनला लागतो.

स्प्रिंगांबद्दल काटकसर करू नये. सगळ्या स्प्रिंगा सपाट काचेवर ओळीने उभ्या केल्या की आखूड झालेली किंवा कललेली लगेच दिसते, पण लांबी बरोबर असूनही गंजाच्या एका टोचणीपासून तडा सुरू होतो, आणि स्प्रिंग तुटली किंवा लॉक निसटला की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. मग पिस्टन, लायनर आणि हेड तिन्ही जातात. किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असलेल्या बोटीवर ही जोखीम केवळ पैशांची राहत नाही. म्हणून पूर्ण बांधणीत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि लॉक यांचा संच नवाच घालावा. पुशरॉड मात्र काचेवर लोळवून सरळ ठरले आणि टोके झिजलेली नसतील तर पुन्हा वापरण्यास हरकत नाही. रॉकरच्या शाफ्टातील तेलाची छिद्रे तारेने मोकळी करणे विसरू नये, कारण तेथे साचलेला गाळ नव्या बुशलाही टिकू देत नाही.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट यांची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळ जुन्या इंजिनांत टॅपेटचा तळ सपाट दिसतो, पण तो किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका असतो, त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज विभागली जाते. तळ खोलगट झालेला टॅपेट फिरणे थांबवतो आणि कॅम खरवडू लागतो. असा जुना टॅपेट नव्या कॅमशाफ्टवर घातला, तर तो नव्यालाही थोड्याच तासांत खराब करतो. अशा जोडीला जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग पुरेसे असलेले तेल लागते आणि आजच्या पेट्रोल मोटारींच्या तेलांत ते कमी केलेले असल्यामुळे इंजिनाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे डिझेल तेलच वापरावे.

सुटे भाग मिळवण्यासाठी मुंबईतील नागदेवी स्ट्रीट आणि दारूखाना येथील दुकाने गाठावी लागतात, आणि तेथे नव्या वेष्टनातील अनोळखी भागापेक्षा मोजून घेतलेला मूळ भाग केव्हाही सरस ठरतो. दांडीची जाडी मायक्रोमीटरने आणि डोक्याचा व्यास व्हर्निअरने दुकानातच तपासावा. बांधणी झाल्यावर पुस्तिकेप्रमाणे फट लावावी आणि पहिल्या काही तासांच्या वापरानंतर हेडचे नट व टॅपेट पुन्हा तपासावेत, कारण नवी बैठक सुरुवातीला थोडी दबते.

राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या वर्सोवा, सातपाटी, अलिबाग आणि रत्नागिरी येथील प्रशिक्षण केंद्रांत तरुण मच्छीमारांना सागरी इंजिनाची देखभाल शिकवली जाते. हे शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाने आणि प्रत्येक तांडेलाने एवढे करावे: हेड उघडले त्या दिवशी मोजलेली फट, गाइडचे माप, व्हॉल्व्हची खोली आणि बदललेल्या भागांची यादी तारखेसह वहीत लिहून ती वही बोटीवरच ठेवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये मेकॅनिकला अंदाजाने काम करावे लागणार नाही.