बोरूपासून संगणकापर्यंत : अक्षरकला आणि तंत्रज्ञान यांचा संगम

आपल्याकडे कला आणि तंत्रज्ञान यांची वाटणी फार लवकर होते. चित्र काढणारे मूल एका बाजूला आणि गणित सोडवणारे मूल दुसऱ्या बाजूला, असे आपण ते आठवी-नववीत असतानाच ठरवून टाकतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा होईपर्यंत रंगपेटी घरात असते. दहावीचे वर्ष लागले की ती माळ्यावर जाते. पालकांचा हेतू चांगलाच असतो. चित्रकलेने पोट भरत नाही आणि संगणकाने भरते, असा त्यांचा अनुभव असतो. परंतु ही वाटणी ज्या गृहीतकावर उभी आहे, ते तपासून पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी दूरचे उदाहरण घेण्याची गरज नाही. वाचक या क्षणी वाचत असलेले देवनागरी अक्षर हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे.

हे अक्षर आपल्यापर्यंत हातांनी आले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्याच सोपारा येथे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. त्यावरील ब्राह्मी अक्षरे साध्या, सरळ रेषांची आहेत. या ब्राह्मीतूनच शतकानुशतकांच्या लेखनातून आजची देवनागरी घडली. दगडावर छेणी चालते तेव्हा अक्षर एक रूप घेते आणि कागदावर बोरू चालतो तेव्हा दुसरे. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. म्हणून एका दिशेने रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेने बारीक. देवनागरीचे जाड-बारीक वळण हे त्या तिरक्या कापातून आले आहे. अक्षराचे सौंदर्य असे त्याच्या साधनातून जन्माला येते.

पुढे मुद्रण आले आणि साधन बदलले. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे देखणे खिळे पाडले आणि मराठी व संस्कृत ग्रंथांच्या छपाईला नवे वळण दिले. हे काम सोपे नव्हते. इंग्रजीत अक्षरे एकामागून एक सुटी बसतात. देवनागरीत मात्र काना पुढे येतो, मात्रा वर चढते, उकार खाली जातो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते आणि दोन-तीन व्यंजने जोडली की नवाच आकार तयार होतो. त्यामुळे जुळाऱ्याला शेकडो खिळ्यांशी झुंजावे लागे. १९२० साली निघालेल्या ‘मूकनायक’चा प्रत्येक शब्द अशाच शिशाच्या खिळ्यांतून एकेक करून जुळवला गेला होता. ज्यांच्या शब्दांना छापखान्याची दारे सहजी उघडत नव्हती, त्यांना खिळ्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

नंतर संगणक आला आणि प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभा राहिला. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. सुरुवातीच्या काळात हे क्रमांक ज्याचे त्याने आपल्या सोयीने ठरवले. परिणामी एका संगणकावर जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. स्मरणिकांचे आणि लग्नपत्रिकांचे काम केलेल्या आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना हा त्रास चांगला ठाऊक आहे. १९९१ साली भारतीय मानक ‘इस्की’ प्रमाणित झाले आणि त्याच वर्षी ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. आज जगातील कोणत्याही संगणकावर ‘क’चा क्रमांक २३२५ हाच आहे.

परंतु क्रमांक मिळाला म्हणजे अक्षर मिळाले असे होत नाही. ‘क्ष’ लिहिताना संगणक तीन क्रमांक साठवतो : क, हलन्त आणि ष. ते तीन मिळून ‘क्ष’ असा एकसंध आकार दाखवायचा, हा नियम कोणीतरी लिहावा लागतो आणि तो आकार कोणीतरी रेखाटावाही लागतो. ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो आणि नंतर वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसली पाहिजे. शिवाय अरुंद ‘र’वरची वेलांटी रुंद जोडाक्षरावर ठेवली तर ती तोकडी पडते, म्हणून चांगल्या फाँटमध्ये एकाच वेलांटीची लहानमोठ्या रुंदीची अनेक रूपे काढून ठेवलेली असतात. फाँट म्हणजे चित्रांचा संग्रह आणि नियमांचा संच, दोन्ही एकत्र. चित्रे काढण्यास चित्रकार लागतो आणि नियम लिहिण्यास संगणकज्ञ. दोघांनी एकमेकांची भाषा शिकल्याशिवाय फाँट तयार होत नाही.

यात चूक झाली तर काय होते, हे एका जोडीवरून स्पष्ट होईल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात र अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो पापणीसारखा आडवा होऊन अक्षराला चिकटतो. पहिला शब्द गुरुजनांविषयी आहे, तर दुसरा आमच्या भोजनगृहात पहाटेपासून राबणाऱ्या स्वयंपाक्यांविषयी. दोघांविषयी आमच्या मनात सारखाच आदर आहे, पण निरोप कोणाला द्यायचा हे कळणे आवश्यक आहे! युनिकोडमध्ये या दोन ‘र’चे क्रमांक अनुक्रमे २३५२ आणि २३५३ आहेत. अवघ्या एका अंकाचा फरक. परंतु मराठी लिहिणाऱ्याची ही गरज ओळखणारा कोणी त्या कामात नसता, तर पडद्यावरील मराठीत हा भेद राहिलाच नसता. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही हिंदीतील वळणांपेक्षा वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी लिपीविषयी निर्णय काढून ती निश्चित केली. ती पडद्यावर उमटावीत यासाठी फाँटमध्ये पुन्हा वेगळी चित्रे आणि वेगळे नियम लागतात.

असे दुहेरी ज्ञान कोठे तयार होते? अनुभव असा आहे की, ज्या विद्यापीठीय संस्थांनी कला आणि यंत्र यांना एका छताखाली आणले, तेथेच हे काम पुढे गेले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड नूथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहायला मिळाली. अक्षरे त्यांना पसंत पडली नाहीत. त्यांनी हातातले लेखन बाजूला ठेवले आणि संगणकाकडून सुबक पान जुळवून घेणारी ‘टेक’ व अक्षरांचे आकार गणिताने घडवणारी ‘मेटाफाँट’ या दोन प्रणाली उभारल्या. एवढे करूनही ते थांबले नाहीत. अक्षराचे मर्म समजावे म्हणून ते हरमान झाफ यांच्यासारख्या श्रेष्ठ अक्षरकाराबरोबर काम करीत राहिले. एक गणिती अक्षरकाराकडून शिकतो, ही घटना आम्हांस महत्त्वाची वाटते. पुढे १९९१ साली नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्टहाउस यांनी याच मेटाफाँटच्या साहाय्याने देवनागरी अक्षरे घडवली आणि जगभरच्या संस्कृत अभ्यासकांची सोय झाली.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयटीत, १९६९ साली ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ सुरू झाले. अभियंत्यांच्या संस्थेत रेखांकनाचा वर्ग बसू लागला. त्याच्या उभारणीत जर्मनीतील उल्म येथे शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा मोठा वाटा होता. याच केंद्रात पुढे र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले. जोशी हे सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टचे विद्यार्थी, जाहिरात क्षेत्रातील कलादिग्दर्शक, मराठीतील प्रयोगशील कवी आणि सर्वांत आधी सुलेखनकार. बोरू, कुंचला, दोरी, माती अशा कोणत्याही साधनाने अक्षर घडू शकते, अशी त्यांची धारणा होती. संगणक हेही त्यांच्या दृष्टीने असेच एक साधन होते. आयआयटीनंतर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकज्ञांसमवेत त्यांनी भारतीय लिप्यांच्या फाँटचे काम केले. विंडोज २००० या प्रणालीबरोबर घरोघरी आणि कचेऱ्यांमध्ये पोहोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. २००८ साली त्यांचे निधन झाले. तलाठी कार्यालयातील उताऱ्यापासून विद्यार्थ्याच्या अर्जापर्यंत कितीतरी कागदांवर ज्यांचे अक्षर वर्षानुवर्षे उमटत राहिले, त्या जोशींचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

ही परंपरा त्यांच्याबरोबर संपली नाही. त्याच केंद्रात देवनागरी अक्षराच्या रचनेवर संशोधन झाले. अक्षररचनेला वाहिलेली ‘टायपोग्राफी डे’ ही परिषद २००८ पासून तेथून सुरू झाली. राज्य मराठी विकास संस्थेसाठी ‘यशोमुद्रा’ हा फाँट तयार झाला. त्याच्या आधारे आयआयटी मुंबईतील गटाने ‘शोभिका’ हा फाँट सर्वांसाठी खुला केला. त्यात १६०० हून अधिक देवनागरी आकृती असून त्यांपैकी ११०० हून अधिक जोडाक्षरे आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाचा ‘मुक्त’ हा फाँटही असाच विनामूल्य आहे. निर्णयसागरच्या काळात खिळ्यांचा संच विकत घेण्यास भांडवल लागे. आज खेड्यातील विद्यार्थीही उत्तम अक्षरे एक पैसा न देता उतरवून घेऊ शकतो. ज्ञान खुले करणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस सुचत नाही.

या सर्वांतून आम्ही एक निष्कर्ष काढतो. कलेच्या वर्गात चार संगणक ठेवल्याने किंवा संगणकाच्या वर्गात एखादे पोस्टर लावल्याने हा संगम होत नाही. एकच काम दोघांना मिळून करावे लागते तेव्हाच तो होतो. जेथे असे झाले नाही, तेथे भाषेचे नुकसान झाले : तुटलेली जोडाक्षरे, चुकीच्या जागी गेलेली वेलांटी, हरवलेला रफार. ज्या भाषेचे अक्षर पडद्यावर नीट उमटत नाही, तिचा बोलणारा हळूहळू दुसऱ्या भाषेत लिहू लागतो. म्हणून हा प्रश्न सजावटीचा मानता येत नाही. नव्या साधनांवर आपला शब्द आपल्या रूपात राहील की नाही, हा तो प्रश्न आहे.

पालकांसाठी एक व्यावहारिक माहिती येथे देणे आम्ही कर्तव्य समजतो. आयआयटी म्हणजे केवळ जेईई, असा सार्वत्रिक समज आहे. आयआयटी मुंबईसह काही संस्थांत डिझाइन विषयाची पदवी घेता येते आणि तिचा प्रवेश ‘यूसीड’ या वेगळ्या परीक्षेने होतो. बारावीला कला, वाणिज्य किंवा विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा असली तरी ही परीक्षा देता येते. तीत निरीक्षण, तर्क आणि आकारांची समज तपासली जाते. रेखांकनही करावे लागते. पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘सीड’ परीक्षा आहे. ग्रेड परीक्षेत चांगली श्रेणी मिळवणाऱ्या आपल्या पाल्याची रंगपेटी माळ्यावर टाकण्यापूर्वी या वाटेचा जरूर विचार व्हावा.

शाळेच्या पातळीवरही पुष्कळ करता येईल. वसतिगृहातील मुले हस्तलिखित अंक काढतात, फलकलेखन करतात, जयंतीच्या मिरवणुकीचे फलक रंगवतात. हे सर्व अक्षरकलेचे शिक्षणच आहे. त्याला फक्त पुढची पायरी जोडायची आहे. मुलाने बोरूने कागदावर काढलेले ‘अ’ छायाचित्र घेऊन संगणकावर आणावे, ‘इंकस्केप’सारख्या विनामूल्य साधनात त्याची कड बिंदूंनी व वळणांनी रेखावी आणि ‘फाँटफोर्ज’मध्ये त्याला क्रमांक द्यावा. आपल्या हाताचे वळण कळफलकावरून उमटलेले पाहिले की गणित कशासाठी शिकायचे आणि चित्र कशासाठी काढायचे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मुलाला एकदमच मिळतात.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणकक्षेत्रात स्थिरावले आहेत. काही छपाई व जाहिरात व्यवसायात आहेत, काही कलाशिक्षक आहेत. सुटीतील एखादा आठवडा त्यांनी शाळेला द्यावा आणि शक्य असल्यास जोडीने यावे : एक संगणकवाला, एक चित्रकार. संगणककक्षाची आणि चित्रकलावर्गाची किल्ली त्या आठवड्यापुरती आम्ही एकाच जुडग्यात ठेवू.